न सांगितलेली कादंबरी

नरसिंगराव कादंबऱ्या कन्नडमध्ये लिहीत आणि बायकोला मराठीत सांगत. बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच चालत आली होती. पण चिकपेटेतल्या प्रकाशकाला मराठीचं काय लोणचं घालायचं होतं? तुंगाबाईंना कन्नड बोलता फडाफडा येई, वाचता मात्र येत नसे. त्यामुळे नवरा एवढा लेखक, पण त्याचं एकही पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं. ऐकली मात्र सगळी होती, तीही छापण्याआधी.

वारा येईल तशी पाठ द्यावी, हा प्रकाशकाचा धर्म. लोकांना गुप्तहेर हवे झाले की नरसिंगराव मुडदे पाडत, भुतं खपू लागली की मसणवटा गाठत. मग राजेराजवाडे, मग पुराणातल्या सती-सावित्र्या. संध्याकाळी तुंगाबाई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या की ते समोर बसून पुढचं प्रकरण सांगत. पहिल्याच रहस्यकथेत त्यांनी एका म्हाताऱ्या आचाऱ्याला विष चारलं, तेव्हा तुंगाबाईंचा हात सुपात थांबला.

“त्यानं कुणाचं घोडं मारलंय? जगू द्या त्याला.”

“अगं, तो मेला नाही तर गोष्ट पुढं कशी जायची?”

“ते तुम्ही बघा. लेखक तुम्ही.”

कुरकुरत का होईना, आचारी वाचला. तेव्हापासून रिवाजच पडला. प्रत्येक कादंबरीत तुंगाबाई एकाला जीवदान मागत आणि नरसिंगराव ते देत. कधी राजाचा माहूत सुटे, कधी चेटकीण ठरवलेली सून.

छप्पन्न सालच्या कार्तिकात त्यांचा एकुलता एक रघू विषमज्वरानं गेला. बसवण्णाच्या देवळापुढं शेंगांची जत्रा भरली होती आणि पोर अंथरुणातून शेंगांचा हट्ट धरून बसलं होतं. “ताप उतरला की सोलून देते,” तुंगाबाई म्हणाल्या होत्या. नरसिंगराव सायकलवरून डॉक्टरांना आणायला गेले, जत्रेच्या गर्दीत अडकले, आणि परतले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर घरात रघूचं नाव निघालं नाही. दुसऱ्याला त्रास नको म्हणून दोघंही गप्प राहिली. कादंबऱ्या मात्र चालू राहिल्या.

एकसष्ट साली नरसिंगरावांनी एक पुस्तक लिहिलं आणि ते सांगितलं नाही. “शाळेतल्या पोरांसाठी आहे, ऐकण्याजोगं काही नाही त्यात,” म्हणाले. तुंगाबाईंनी मान डोलावली. माहूत नाही, सून नाही, मग वाचवायचं तरी कुणाला?

पुस्तक छापून आलं आणि धडाक्यानं खपलं. एके दिवशी देवळात शेजारच्या शारदाबाई भेटल्या.

“अक्का, अण्णांनी काय लिवलंय हो! ते पोरगं तापातनं उठतंय आणि आई त्याला शेंगा सोलून सोलून भरवतीय. तिथं मला तर रडू स्वल्प पण आवरलं नाही बघा.”

तुंगाबाई नमस्कार न करताच घरी आल्या. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्याहून जास्त रडू येत होतं. गावभर त्यांचा रघू जिवंत झाला होता आणि आईलाच त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी त्या सूप घेऊन बसल्या.

“सांगा.”

“काय सांगू?”

“शेंगांची.”

नरसिंगरावांनी सुरुवात केली. एरवी मुडदे आणि लढाया न अडखळता सांगणारा माणूस, पण आज त्यांना वाक्य जुळेना. ताप चढला, बाप सायकलवर निघाला, इथवर ते कसेबसे आले.

“मग बाप डॉक्टरांना घेऊन आला. वेळेवर आला.”

“आणि?”

“आणि ताप उतरला.”

तुंगाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “आजवर दर वेळी मी एकेकाला मागून घेतलं. ह्याला तुम्ही न मागता वाचवलंत. साऱ्या गावाला दाखवलंत. मलाच का नाही?”

“तुला कसं सांगणार? तू तिथं होतीस. मला शेवट ठाऊकच नाही, तुंगा. तुला विचारायचा धीर झाला नाही. म्हणून एक रचला.”

ह्या माणसाला ऐकायचंच नाही, असं धरून तुंगाबाईंनी ती दुपार इतकी वर्षं एकटीनं सांभाळली होती.

“मी वाट बघत होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून.”

“आता विचारतो.”

“सरी, चालेल,” त्या म्हणाल्या आणि सूप त्यांच्यापुढं सरकवलं. “तांदूळ तुम्ही निवडा. मी सांगते.”

नरसिंगरावांनी सूप मांडीवर घेतलं.

“तुम्ही गेल्यावर स्वल्प वेळ झोपला होता. मग जागा झाला आणि म्हणाला, आई, अप्पांची सायकल वाजली का? मी म्हणाले, वाजली.”

नरसिंगरावांचा हात सुपात थांबला. त्यांना आज एक जीवदान मागायचं होतं. पण ही गोष्ट बदलण्यातली नव्हती, म्हणून ते नुसतं म्हणाले, “मग?”