पोटरीतलं भात

बाबांच्या तांबड्या भाताची पानं शेंड्यापासून पिवळी पडत होती. पिवळेपणा दोन्ही कडांनी नागमोडी खाली उतरत होता. पोलादपूरच्या शेतकी शाळेत बाबा वर्षानुवर्षं हेच फळ्यावर काढायचे: आधी पान, मग खडू आडवा धरून ती रेघ. मी महाडला मराठी शिकवते, पण रेघ ओळखता आली.

बाबा लावणीच्या तोंडावर गेले. हे भात त्यांनी एका खाचरापुरतं जपलं होतं. आमच्या नाते गावात दुसऱ्या कुणाकडे ते उरलेलं नाही. यंदा त्याचं बियाणं धरता आलं नाही, तर ते संपलं.

बांधावर श्रीपतकाका युरियाची पिशवी घेऊन उभे होते. त्यांचं खाचर आमच्या खालचं; आमचं भरलं की पाणी त्यांच्याकडे उतरतं.

"पिवळं पडलंय म्हंजे भूक हाय त्याला. दोन मुठी मारतो," ते म्हणाले.

"युरिया नको, काका. हा कडा करपा आहे. युरियाने आणखी फोफावतो."

"मंग फवारा मारू."

"तुमच्याकडचं औषध बुरशीवरचं. हे जिवाणू आहेत."

"तुला दिसतात काय?"

"दाखवते. काचेचा पेला हवाय."

पेला त्यांच्या बायकोने, आवडीकाकींनी, घरून आणला. "सरांची पोर हाय, गप बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नायतर हातात पिशवी हाय म्हणून मारत सुटाल गावभर."

पिवळं आणि हिरवं जिथे भेटतं तिथलं पान मी कापलं आणि कापलेली बाजू पाण्यात सोडली. काकांनी विडी काढली, पण पेटवली नाही. हळूहळू पानातून दुधाळ धागे खाली उतरले आणि पाणी गढूळलं. मग पाणी बदलून काकांच्या खाचरातलं पान घेतलं. कितीतरी वेळ धरलं. पाणी नितळ राहिलं.

"तुमच्याकडे अजून पोचलेला नाही," मी म्हणाले. "आमचं पाणी तुमच्यात सोडायचं बंद करू. बाजूच्या ओढ्यात वळवू."

खालच्याचं पाणी अडवणं म्हणजे आमच्याकडे पिढ्यांचं भांडण. काकांनी स्वतः फावडं घेतलं आणि आपल्याकडे येणारी वाट चिखलाने बुजवली. मग ओढ्याच्या अंगाचा बांध फोडला. पाणी तिकडे धावलं.

"पर आलं कुठनं हे?" फावडं धूत त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं. आम्ही सुतकात होतो तेव्हा राबाच्या वाफ्यातलं रोप वाढत राहिलं. काकांनी कुणी न सांगता आमची लावणी उरकली. लांब रोप वाऱ्याने लोळतं, म्हणून जुड्यांचे शेंडे विळ्याने छाटून लावलं. इथे सगळेच तसं करतात. 'यंदा हवाच तशी' म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मग पुढच्या वर्षी शेंडे पुन्हा छाटले गेले असते.

"शेंडे कापले ना, तिथून शिरलं असणार," मी म्हणाले. "रोग असतोच, बांधावरच्या गवतातसुद्धा. त्याला जखम मिळाली."

"म्हंजे मीच."

"तुम्ही लावलं नसतं तर आज बघायलाही काही नसतं."

"सर कदी बोलले नाय शेंड्याचं."

"त्यांचं रोप कधी तेवढं वाढलंच नाही, काका. ते वेळेवर लावायचे."

काकांनी ती विडी कानामागे ठेवली.

पाणी शिरतं तो वरचा कोपरा अजून निरोगी होता. तो वाचवायचा, तर बाकीचं उपटून पुरायला हवं होतं. मी तसं सांगितल्यावर आवडीकाकी उभ्या राहिल्या.

"पोटरीतलं भात? कणीस पोटात हाय त्याच्या. दिवस गेलेल्या बाईला कोण घराभाईर काढतं का गो? मी नाय हात लावायची."

त्या पाठ करून बांधावर बसल्या. मी आग्रह केला नाही. दव सुकेपर्यंत थांबले, कारण ओल्या पानांतून फिरलं की रोग कपड्यांवरून पुढे जातो. मग खालच्या बांधाकडून सुरुवात केली. रोपांचा पहिला चूड मुळासकट आला तेव्हा पोटरीचा फुगीर भाग तळव्याला लागला. मी पुढचा धरला. थोड्या वेळाने शेजारी चिखलात काकांचे पाय दिसले.

कोपऱ्याजवळ ते थांबले. "हे तर हिरवंगार हाय."

"पिवळ्याच्या शेजारी आहे. तेही काढायचं."

"बापावर गेलीस," ते म्हणाले आणि वाकले.

"काय उरलं?" आवडीकाकींनी न वळता विचारलं.

"कोपरा," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "त्यात पन दिसलं तर?"

"तर त्यातलंही काढू. राहील तेवढं बियाणं धरू."

"दाना भरला की पाखरं मी राखते," आवडीकाकी म्हणाल्या. "उपटायला मातर बोलवू नका."