एका कान्याचा फरक

"दोरी धरा!" गाईड ओरडली आणि चौदा कमावती, शहाणी माणसं बालवाडीच्या रांगेसारखी दोरी धरून रस्ता ओलांडू लागली.

शहराच्या कलामहोत्सवाचा इतिहास चालत चालत दाखवण्याची ही तिची पहिलीच फेरी होती, आणि एकही माणूस हरवू द्यायचा नाही असा तिने चंग बांधला होता. उत्साहाच्या भरात तिने वाटेतल्या औषधाच्या दुकानाचाही इतिहास सांगून टाकला होता. दुकानाचा महोत्सवाशी काही संबंध नव्हता.

एका टोपीवाल्या म्हाताऱ्याने तेवढी दोरी धरली नाही.

"आजोबा, धरा ना."

"काका म्हण. चार दात अजून माझे स्वतःचे आहेत. आणि दोरीचं नि माझं जमत नाही."

दोरीच्या शेवटच्या टोकाला गाईडची आत्या होती. चाळीस वर्षांत ती या भागात फिरकली नव्हती. भाचीची पहिली फेरी म्हणून आली होती आणि प्रत्येक थांब्यावर घड्याळ बघत होती.

पहिला थांबा रंगला. उद्‌घाटनाला कात्री सापडेना म्हणून अध्यक्षांनी तिथे फीत दातांनी तोडली होती. दुसरा त्याहून रंगला. तिथलं शिल्प उलटं बसवलं गेलं होतं. शिल्पकार आजारी होता, बाकीच्यांना ती नवी शैली वाटली. गाईडचा आवाज चढत चढत पार फाटला.

तिसऱ्या थांब्यावर मात्र तो एकदम खाली आला.

"इथे... इथे गाड्या लागतात. चला पुढे."

"पुढे काय?" आत्या म्हणाली. "हातातल्या पुस्तिकेत आहे ते वाच की."

गाईडने पान उघडलं. "पहिल्या वर्षी इथल्या मंडपातलं विनोदी नाटक अपुरं राहिलं. नायिकेचं शेवटचं वाक्य चालू असताना पडदा पाडला."

"नायिका मी," आत्याने सगळ्यांना सांगितलं, पत्ता सांगावा तसं. "काम वाईट झालं की पडदा पाडतात. मी समजले. टपालखात्यात लागले. तिथे पडदे नसतात."

कोणी हसावं की नाही, हे कोणालाच ठरवता येईना.

"पाडला नाही," टोपीवाले काका म्हणाले. "पडला. छापताना काना जास्त पडलाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"दोरी माझ्या हातात होती." त्यांनी टोपी काढली. "तुम्ही खिडकीपाशी आलात, 'दार उघडं ठेवा' म्हणालात... असं म्हणालात की मी टाळी वाजवली. टाळीला दोन्ही हात लागतात हो."

आत्याने चष्मा काढून पुसला. मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

"येऊन सांगायचंत."

"आलो होतो. तुम्ही निघून गेला होतात, मेकअपसकट. मला परत कोणी दोरीला हात लावू दिला नाही." ते जरा जवळ आले. "एक विचारू? चाळीस वर्षं डोक्यात आहे. दार उघडं ठेवा... का?"

आत्याने पर्स भाचीच्या हातात कोंबली आणि ती दोन स्कूटरींच्या मधे जाऊन उभी राहिली. पार्किंगवाला शिट्टी तोंडात धरून तरातरा आला. तिने रंगमंचावर वळवावी तशी मान वळवलेली पाहून त्याने शिट्टी खिशात टाकली.

"दोरी धरा," गाईड उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

काकांनी हात पुढे केला आणि दोरीचे दोन वेढे मनगटाला घेतले.

"दार उघडं ठेवा," आत्या म्हणाली. आवाज थेट समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेला. तिथे एक खिडकी उघडली. "मी घर सोडून चाललेय खरी, पण चपला आतच राहिल्यात!"

टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. तेरा जणांच्या हातून दोरी सुटून जमिनीवर पडली.

एक टोक तेवढं वर राहिलं. काका ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते.