संदेष्ट्याचे सैल बूट

भरे गावच्या कोंडिबांच्या माळावर त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांडवात स्पीकर कोकलत होते. मोठ्या पडद्यावर दोन पांढरे बूट दिसत होते, एक पुढे, एक मागे. खुर्चीतल्या माणसाच्या टाचा हातात धरून प्रॉफेट पियूष ओरडत होते, "ग्रो! वाढ! येशूच्या नावानं वाढ!" बघता बघता दोन्ही बूट एका रेषेत आले. मांडव 'हालेलूया'नं दणाणला आणि तो माणूस उठून नाचायलाच लागला.

"रिसीव्ह केलं का, रिसीव्ह?" प्रॉफेट घाम पुसत म्हणाले. "मग आता औषधं कशाला? औषध म्हणजे सैतानाचं सबस्क्रिप्शन! आजच कॅन्सल करा!"

स्टेजखाली एक निळा ड्रम होता. लोक रांगेनं येऊन त्यात गोळ्यांची पाकिटं टाकत होते. त्या रांगेत माझा धाकटा भाऊ शेखर उभा होता. त्याच्या एका हातात किमयाच्या इन्सुलिनची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताला धरून खुद्द किमया.

किमया त्याची दहा वर्षांची मुलगी. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. इंजेक्शनं बंद केली तर पोर चार दिवसही काढायची नाही. शेखरला हे माहीत नाही असं नाही. हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत कामाला आहे तो. पण रोज लेकीला सुई टोचून टोचून बाप थकला होता, आणि थकलेल्या माणसाला कुणीही गाठावं. त्याची बायको रेश्मा माहेरी नगरला गेलेली. तिचा तिकडून मला रडत फोन आला, "ताई, हे औषध फेकायला निघालेत हो!"

मी पौडला शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये मुलांना बायबल. फोन ठेवला, आमचे पाळक दादासाहेब यांना रिक्षात घातलं आणि थेट मांडव गाठला. पाळकसाहेबांचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, उजव्यापेक्षा चार बोटं आखूड.

दारातच कोंडिबांनी अडवलं. जागा त्यांचीच, भाड्यानं दिलेली. "बाई, चपला हितंच काडा. सायब म्हंत्यात ही पवित्र भूमी हाय. आमी आजवर हितं नाचणी लावली, आमाला काय म्हाईत!"

जळत्या झुडपापाशी देवानं मोशेला पायतण काढायला सांगितलं, त्या उताऱ्यावर प्रॉफेटांनी सकाळी तासभर प्रवचन झोडलं होतं म्हणे. आम्ही अनवाणी आत गेलो आणि मी शेखरला गाठलं.

"ताई, इथं विश्वास लागतो. प्रत्येक गोष्टीत विज्ञान आणू नकोस."

"बरं, बायबल आणते. हिज्कीया राजा मरायला टेकला, तेव्हा देवानं त्याला बरं करायचं वचन दिलं. मग यशया संदेष्ट्यानं काय केलं? गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. लेप म्हणजे औषधच ना?"

रांग सरकली तसा शेखरही सरकला. पुढे आता दोघेतिघेच उरले होते.

"आत्या," किमयानं माझी ओढणी ओढली, "पवित्र भूमी आहे ना? मग खुर्चीत बसणाऱ्यालाच बूट का घालतात? आणि सगळ्यांना तेच तेच बूट!"

मी इतकी वर्षं मुलांना निरीक्षण शिकवते, आणि माझ्याच डोळ्यांवर झापडं होती. मी पाळकसाहेबांच्या कानाशी लागले. "मला असले तमाशे जमत नाहीत," ते पुटपुटले. मग त्यांनी किमयाकडे पाहिलं आणि लंगडत स्टेज चढले.

"बघा, खुद्द पास्टर हीलिंग घ्यायला आले!" प्रॉफेट खूश. कार्यकर्ता बूट घेऊन धावला.

"बूट नकोत," पाळकसाहेब माइकमध्ये म्हणाले. "मोशेनंही काढलेच होते."

आता नाही कसं म्हणणार? पडद्यावर दोन उघडे तळवे आले. 'ग्रो' इंग्रजीत झालं, हिंदीत झालं, कुणालाच न कळणाऱ्या भाषेतही झालं. पाय होता तिथंच.

"तुमचा विश्वास कमी पडतोय, पास्टर."

"पडत असेल. मग तुमचा वापरा की. पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उघडून येशूपुढं सोडलं, तेव्हा येशूनं त्याला आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला होता."

मांडवात खसखस पिकली. मी संधी साधून स्टेजवर चढले, ते पांढरे बूट उचलले आणि गंमत बघायला स्टेजपाशी आलेल्या कोंडिबांना खुर्चीत बसवून त्यांच्या पायांत चढवले. 'ग्रो' म्हणत टाचा धरल्या. पडद्यावर बूट मागेपुढे झाले आणि हळूहळू सारखे आले.

"आयला, माजाबी पाय वाडला!"

"पाय नाही, कोंडिबा, बूट सरकला," मी माइकमध्ये सांगितलं. "बूट मुद्दाम मोठे ठेवलेत. टाच उचलताना एक बूट बोटभर बाहेर ओढायचा. तो पाय लांब दिसतो, म्हणजे दुसरा आखूड. मग आरडाओरडा करत तोच बूट परत आत ढकलायचा. लोकांना वाटतं, आखूड पाय वाढला."

प्रॉफेट 'प्रार्थनेसाठी' मांडवामागं गेले ते गाडीत बसून पसारच झाले.

शेखर पिशवी छातीशी धरून तसाच उभा होता. "ताई, म्हणजे ही कधीच बरी होणार नाही?" त्याचा आवाज फुटला. मलाही रडूच आलं.

उत्तर पाळकसाहेबांनी दिलं. "याकोब रात्रभर देवाशी झुंजला. पहाटे आशीर्वाद मिळाला आणि तो निघाला लंगडतच. मी त्या उताऱ्यावर आयुष्य काढलंय, शेखर. तिला औषध देताना प्रार्थना कर. औषधाऐवजी करू नकोस."

"पप्पा, भूक लागली," किमया म्हणाली.

शेखरनं डोळे पुसले, तिची साखर तपासली आणि तिथंच ड्रमशेजारी तिला जेवणाआधीचं इंजेक्शन दिलं. एव्हाना लोकांनी ड्रम आडवा केला होता. कुणी प्रेशरच्या गोळ्या शोधत होतं, कुणी थायरॉइडच्या. कोंडिबा मध्ये उभे राहून ओरडत होते, "आपापल्याच घ्या रं, दुसऱ्याच्या नगा उचलू!"

देवाला मानणाऱ्या माझ्या माणसांना माझं हात जोडून सांगणं आहे. प्रार्थनेला डोळे जरूर मिटा, पण चमत्कार बघताना उघडे ठेवा. कुणी औषध बंद कर म्हणालं, तर आधी डॉक्टरला विचारा. प्रश्न विचारल्यानं विश्वास मरत नाही. इन्सुलिन थांबवलं तर मूल मरतं.