अक्षताचं एकटीचं उड्डाण

माझ्या भावाला, जालिंदरला, गाजावाजा केल्याशिवाय काही गोड लागत नाही. ट्रॅक्टर आला, लाव फटाक्यांची माळ. पुतण्या फौजेत भरती झाला, लाव माळ. मग त्याची आईविना वाढलेली लेक अक्षता, जिला मी लहानाची मोठी केली, पहिल्यांदा एकटीनं विमान चालवणार म्हटल्यावर तो गप्प बसतोय होय?

कुंडलहून टेम्पो भरून माणसं नेली. धावपट्टीच्या कुंपणाबाहेर, उसाच्या बांधावर आम्ही उभे. आवाज करू नका, म्हणून गेटवरचा माणूस सांगून गेला. त्याचं कोण ऐकतो. विमान खाली येत होतं. चाकं टेकायच्या आत जालिंदरनं माळ पेटवली. उसातले बगळे एकदम उठले आणि धावपट्टीवर आडवे आले. विमानानं नाक वर केलं, हवेतच अडखळलं आणि धपकन आपटलं. पुढचं चाक मोडून ते नाकावर घसरत गेलं. "माझी बाय" करत जालिंदर कुंपणावर चढला. मागं माळ वाजतच होती.

मिरजेला मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. विमान सोडाच, पोर पुन्हा उभी राहणार नव्हती.

अपघाताच्या चौकशीला साहेब दवाखान्यात आले. अक्षता म्हणाली, "नाक जास्त उचललं. माझीच चूक." फटाक्यांचं विचारलं, तर म्हणाली, "ते नंतर वाजले. मी आधीच चुकले होते."

जालिंदर तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं ते खरं मानलं. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "आक्का, एवढं शिकिवलं, पर पोर ऐनवेळी भ्याली गं."

माझं डोकंच फिरलं. तशीच आत गेले. "आज त्याला तोंडावर सांगणार हाय मी. त्याच्या माळंनं तुझं पाय गेलं."

अक्षता छताकडं बघत होती. "आत्या, तुझं गुडघं गेल्यात. घरी मला उचलून मोरीत न्यायचं, आंघोळीला बसवायचं, समदं तात्यांनीच करायचं हाय. त्यांना कळलं, तर मला हात लावायचं बळ ऱ्हाईल का त्यांच्यात?"

तेवढ्यात नर्स जालिंदरला घेऊन आत आली. कुशीवर कसं वळवायचं, ते त्याला शिकवायचं होतं. त्यानं हात धुतले, धोतराला पुसले आणि जपून तिच्या पाठीखाली घातले. मी सरकून त्याला जागा दिली.