उकळण्याचं प्रकरण

घडीच्या कीबोर्डची स्पेसची पट्टी डाव्या टोकाला जेमतेम एक मिलिमीटर खाली बसली होती. कारण सोपं होतं. गेली तीन वर्षं तो टेबलावर कमी आणि मांडीवर जास्त उघडला गेला होता, आणि मांडी काही सपाट पृष्ठभाग नव्हे.

त्याची मालकीण पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि उरलेल्या वेळात मुलांसाठी पाण्यावर पुस्तक लिहायची. अकरा प्रकरणं झाली होती. बारावं, उकळण्याचं, आज पाचपर्यंत गेलं नाही तर पुस्तक यंदाच्या यादीतून बाहेर, असं संपादकबाईंनी बजावलं होतं.

आज सुट्टी होती, म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं तिच्याकडे काम होतं. सकाळी सासूबाईंना चष्म्याच्या दुकानात न्यायचं होतं. तिथल्या बाकावर, मांडीवर कीबोर्ड आणि पर्सला टेकवलेला फोन, अशा थाटात तिने बुडबुडे लिहिले. मग लेकीला पोहायला सोडलं आणि बाहेर गाडीत बसून वाफ लिहिली. मध्येच कोपर हॉर्नवर पडलं आणि रखवालदार धावत आला. घरी टेबलावर नवऱ्याने पंखा खोलून ठेवलेला. मग उरलं वॉशिंग मशीनचं झाकण. कपडे पिळायला लागले की तिची अक्षरंही थरथरायची.

"हिचं बरं आहे गं," सासूबाई फोनवर बहिणीला कौतुकाने सांगत होत्या. "कुठेही बसवा, लिहिते. जागा म्हणून लागत नाही."

जागा होती. मागच्या खोलीत नवऱ्याची व्यायामाची सायकल आणि सासूबाईंच्या चार रिकाम्या बॅगा सुखाने नांदत होत्या. ती खोली मागायचं तिने तीन वर्षांपूर्वीच मनाशी ठरवलं होतं. पण विषय काढायला जावं, तर कुणीतरी म्हणायचं, तुझं छान चाललंय की! आणि मागणं राहून जायचं.

साडेचारला कीबोर्डने मान टाकली. एकच पान उरलं होतं. तिने फोन ओट्यावर उभा केला, माईक चालू केला आणि भांडी घासता घासता बोलून लिहायला लागली. पाचला पाच कमी असताना हात पुसले आणि न वाचताच पाठवून दिलं. न तपासलेला कागद तिने आयुष्यात पहिल्यांदाच हातावेगळा केला होता.

दहा मिनिटांत फोन वाजला. तिचे हात पुन्हा साबणात होते, म्हणून नवऱ्याने स्पीकर लावला.

"अहो, प्रकरण सुरेख झालंय," संपादकबाई म्हणाल्या. "फक्त शेवटचं पान वाचून दाखवते हं. 'पाणी उकळायला लागलं की तापमान वाढायचं थांबतं. आई, माझा टॉवेल कुठे आहे? दारामागे बघ. दिलेली उष्णता वाफ होण्यात खर्च होते. अगं, मोठा पेचकस पाहिलास का? तुमच्या हातात आहे. उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं. सूनबाई, माझा नवा चष्मा? तुमच्या डोळ्यांवर आहे, आई.'"

लेक हसून हसून जमिनीवर लोळली. सासूबाईंनी हळूच चष्मा चाचपला.

"'मला एक दार हवंय. बंद होणारं,'" संपादकबाई वाचतच होत्या. "हे मुलांसाठी आहे का?"

भांड्यांशी आपण हे मोठ्याने बोललो, हे तिला आत्ता कळत होतं.

"नाही," ती म्हणाली. "मुलांसाठी नाही ते."

"मग सहापर्यंत थांबते. त्यापुढे छापखाना माझं ऐकायचा नाही. शांत बसून एकदा साफ करा. बसाल ना कुठेतरी?"

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर पंख्याची पाती होती, सोफ्यावर ओले टॉवेल, आणि मशीनचा दुसरा घाणा नुकताच सुरू झाला होता.

"गाडीत बस," नवरा म्हणाला. "मी हॉर्नची वायर काढून देतो."

"त्यापेक्षा जिन्यात बरं," सासूबाई म्हणाल्या. "हिला काय, कुठेही..." आणि मध्येच थांबल्या.

तिने एकेक बोट नीट पुसून कोरडं केलं आणि फोन उचलला.

"मागच्या खोलीत बसते," ती म्हणाली. "आजच्यापुरतं नाही. ती खोली मला हवी आहे. कायमची, दारासकट."