विहिरीचं गाणं आणि मोटार

पोरांनो, आधी मनातल्या मनात आपल्या वस्तीवरचे सौर पंप पुसून टाका. शेतातले ते निळे पत्रे अजून आलेलेच नाहीत, असं समजा. पुसले? आता प्रत्येक विहिरीजवळच्या कडुलिंबाला एक पत्र्याची पेटी टांगा. त्या पेटीत मोटारीचा स्टार्टर. विहिरीवरच्या मोटारींची लाईट आणि आपल्या शाळेची लाईट एकाच डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून यायची, आणि शाळा तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला. एखादी मोटार सुरू झाली तरी वर्गातला पंखा म्हाताऱ्या बैलासारखा फिरायचा.

अशा वेळी आपल्या शाळेच्या मैदानावर रॉकचा कार्यक्रम झाला. मी तेव्हा इथे शिकवत होतो.

वैजनाथची थोरली मुलगी रोहिणी पुण्यात शिकायची. तिथे तिने तीन मित्रांबरोबर बँड काढला होता. नाव ठेवलं ‘कोरडवाहू’. गाणी सिनेमातली नव्हेत. स्वतः लिहायची, स्वतः चाल लावायची, मागे कुठली कंपनी नाही. शहरात याला इंडी रॉक म्हणतात. पुण्यात लोक टाळ्या वाजवायचे, पण तिच्या वडिलांनी तिचं एकही गाणं ऐकलं नव्हतं. जनावरं सोडून वैजनाथ पुण्याला जाणार कसा? म्हणून रोहिणीच टेम्पो घेऊन पाथर्डीमार्गे वस्तीवर आली. विहिरीवरचं एक गाणं तिने वडिलांसाठीच केलं होतं.

शेतीची लाईट तेव्हा एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री यायची; त्या आठवड्यात ती दिवसाची होती. दुपारपासून मोटारी बंद ठेवायच्या, असा सगळ्यांनी मला शब्द दिला. पहिला शब्द वैजनाथचाच. कांद्याला पाणी चालू होतं, तरी म्हणाला, “गुरुजी, माझ्या पोरीचं गानं हाय. कांदा उद्या पिईल.”

उन्हं कलली तशी मंडळी जमली. ड्रम बघून म्हाताऱ्या साळूबाईंनी विचारलं, “वरात कुणाची हाय?” मग बँडची पोरं बराच वेळ माईक तपासत ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत राहिली.

“एवढंच गानं हाय व्हय?” साळूबाई म्हणाल्या. “हे तर आमचा नातू कल्याण मोबाईलवर रोज म्हनतो.”

एकदाचं गाणं सुरू झालं. रोहिणीने गिटारची तार छेडली, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली,

‘आमच्या विहिरीत आभाळ राहतं,
बाप माझा रोज ते उपसून पाहतो...’

पुढच्या रांगेत बसलेल्या वैजनाथने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आणि लाईट गेली. क्षणभरच गेली. लगेच आलीही, पण पिवळी, मरगळलेली. स्पीकर बेडकासारखा घरघरला आणि गप्प झाला.

वैजनाथ ताडकन उठला. “कुनाची मोटार चालू हाय रे? शब्द दिल्ता ना गुरुजींना? गोरख, तुझीच असंल!”

“माझी बंद हाय!” शेजारच्या विहिरीवरचा गोरक्षनाथ उसळला. “आईची आन! मी लाल बटन दाबून, वर ऑटोबी खाली करून आलोय.”

पोरांनो, हा ऑटो म्हणजे स्टार्टरमधला एक खटका. तो वर राहिला, की लाईट जाऊन परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होते. लाल बटण दाबलेलं असलं तरी.

भांडण वाढत चाललं. एकेकाच्या बापजाद्यांचा उद्धार झाला. गळ्यात गिटार तशीच अडकवून रोहिणी मातीकडे बघत उभी होती. ड्रमवाला पोरगा हळूच म्हणाला, “ताई, दिवसाची लाईट आता थोडाच वेळ आहे.”

रोहिणीची धाकटी बहीण अश्विनी तेव्हा पहिलीत होती. ती शाळेच्या मागे जाऊन आली. पायांना पोटरीपर्यंत चिखल, हातांची ओंजळ. ओंजळीतलं पाणी बरंचसं गळून गेलेलं. स्टार्टरला हात लावायचा नाही, हे मी वर्गात शिकवलं होतं, ते तिने पाळलं. ओरडणाऱ्या वडिलांच्या हातावर तिने उरलेलं गार पाणी ओतलं.

“हे कुठलं गं?”

अश्विनीने हनुवटीने शाळेमागे दाखवलं. तिकडे पाट भरून वाहत होता, आणि तो पाट कोणाच्या कांद्यात जातो, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

वैजनाथने पाटाकडे पाहिलं. लाल बटण त्याने आठवणीने दाबलं होतं. ऑटो विसरला होता.

“काय वैजनाथ,” गोरक्षनाथ मिशीत हसला, “कुनाची रं मोटार?”

टोपी तिथेच टाकून वैजनाथ विहिरीकडे पळत सुटला. थोड्या वेळाने बल्ब लख्ख झाले. स्पीकरने खाकरून गळा साफ केला. पण वैजनाथ परत येईना. लिंबाखाली पाठ करून तो बसलेला इथून दिसत होता. चारचौघांत तोंड कसं दाखवायचं, हाच प्रश्न असणार.

“सुरू करू या का?” ड्रमवाल्याने विचारलं. रोहिणीने मान हलवली. ज्याच्यासाठी गाणं, तोच नाही.

तुम्ही आज वैजनाथआबांना पाणी भरताना ‘आमच्या विहिरीत आभाळ राहतं’ गुणगुणताना ऐकता ना? ते गाणं पुरतं त्यांच्या कानावर पडलं, ते अश्विनीने पुढे जे केलं त्यामुळे.

तिने वडिलांची टोपी उचलून झटकली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. टोपी नाकापर्यंत आली. मग ती माईकपाशी गेली. रोहिणीने वाकून माईक तिच्या तोंडाशी धरला. अश्विनीने एकदा मागे वळून पाहिलं. अख्खं मैदान पोट धरून हसत होतं. तिने माईक दोन्ही हातांनी घट्ट पकडला आणि कांद्याच्या वाफ्यांपलीकडे ऐकू जाईल असं ओरडली,

“आबा, या! कुनीबी हसत न्हाई!”