त्रेचाळीस पटाश्यांची खोली

त्या घरात तिला सगळे सिस्टर म्हणत. शेजारचे म्हणत, दूधवाला म्हणे, सासरे म्हणत आणि नवराही म्हणे. नवऱ्यानं बायकोला काय म्हणावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण पाहुण्यांना पहिल्यांदा ऐकताना चहाचा ठसका लागायचा.

बावीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. सर्जननं नजर न उचलता हात पुढे करायचा आणि त्यात हवं ते हत्यार पडायचं, ही तिची नोकरी. "डॉक्टरांना कात्री मागावी लागली की समजायचं, मी घरी गेलेली बरी," असं ती म्हणे. तशी वेळ बावीस वर्षांत दोनदाच आली, आणि त्यातल्या एकदा डॉक्टरांनाच काय हवंय ते माहीत नव्हतं.

तिचे सासरे लाकडावर कोरीवकाम करायचे. सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणे. पंचेचाळीस वर्षं एका भाड्याच्या दुकानात बसून त्यांनी लाकडातून पक्षी, वेली, सिंहाचे पंजे आणि एका हौशी वकिलासाठी त्याचा स्वतःचा चेहरा काढला होता. वकिलाला तो चेहरा आवडला नाही, कारण तो हुबेहूब होता. मग मालकानं दुकान विकलं आणि तिथे व्यायामशाळा आली. आता त्या जागेत माणसं घाम गाळून वजनं उचलतात आणि होती तिथेच परत ठेवतात.

दुकान गेल्यावर मिस्त्री गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागले. चार दिवस बसले, आठ दिवस बसले. नवव्या दिवशी सिस्टर नवऱ्याला म्हणाली, "मागची खोली रिकामी करायची."

"आणि त्यातलं सामान?"

"ते तुमचं आहे. तुम्ही ठरवा."

सामानात मुख्य म्हणजे व्यायामाची सायकल होती. तिच्यावर घरातल्या ओल्या कपड्यांनी सहा वर्षं नियमित व्यायाम केला होता. ती गेली. तुटका पंखा गेला, 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेले खोके गेले, आणि खोलीला एक चांगली मोठी खिडकी आहे हे घरात पहिल्यांदाच कळलं.

मग दुकानातलं टेबल आलं. तळहाताएवढी जाड फळी, हत्तीसारखे पाय. सिस्टरचा नवरा शहरभरच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि राहायचा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. टेबल चौघांनी उचललं आणि दोघांनी सल्ला दिला. सल्ला देणारे जास्त दमले.

त्यानंतर सिस्टरनं रजा टाकली आणि खोली हातात घेतली.

तिनं सासऱ्यांना उभं करून कोपराची उंची मोजली, बसवून पुन्हा मोजली, आणि टेबलाच्या पायांखाली नेमक्या जाडीच्या चकत्या सरकवल्या. पायाखाली रबरी चटई टाकली. "दिवसभर उभं राहून पाय कसे होतात ते मला विचारा." खिडकीचा उजेड डावीकडून यावा म्हणून टेबल फिरवलं, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडणार नाही. ढगाळ दिवसासाठी मान वळवता येणारा दिवा लावला. धार लावायचे दगड पाण्याच्या नळाजवळ मांडले, लाकूड पकडायचे शिकंजे भिंतीला टांगले, आणि लाकडाचे तुकडे जातीप्रमाणे आणि जाडीप्रमाणे फडताळात लावले. दाराला पडदा लावला, कारण भुसा स्वयंपाकघरात आला तर तिचं आणि सासऱ्यांचं बिनसलं असतं, आणि ते तिला नको होतं.

सगळ्यात शेवटी पटाश्या, म्हणजे लाकूड कोरायची हत्यारं. सपाट पटाश्या, पन्हळीसारख्या गोल पटाश्या, चोचीसारख्या टोकाच्या, नखाएवढ्या, अंगठ्याएवढ्या. एकूण त्रेचाळीस. सिस्टरनं एका फळीला त्रेचाळीस भोकं पाडून घेतली. प्रत्येक पात्याला रबरी नळीची टोपी घातली आणि पातं भोकात, मूठ बाहेर, अशा सगळ्या लहानीपासून मोठीपर्यंत ओळीनं लावल्या. प्रत्येक मुठीखाली नंबर. मिस्त्रींनी नुसता हात पुढे करायचा की मूठ हातात. पात्याचा कुणाला स्पर्शसुद्धा होणार नाही.

खरं सांगायचं तर खोली बघत राहावी अशी झाली होती. शेजारच्या बाई उगाचच साखर मागायला आल्या आणि साखर न घेताच गेल्या.

मिस्त्री दारातच थांबले. "हे सगळं माझ्यासाठी?"

"नाही, शेजाऱ्यांसाठी. आत या बाबा."

ते आत आले. टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, चटईवर पाय दाबून बघितला. "दुकानात असं कधी नव्हतं गं. तिथे टेबलावर सगळा पसारा पडलेला असायचा. कुणी कधी आवरलाच नाही. मीपण नाही."

"आता आवरलाय," सिस्टर म्हणाली. अभिमान लपवायचा तिनं प्रयत्न केला, पण तो तिला जमणाऱ्या गोष्टींपैकी नव्हता.

टेबलावर एक सागवानी फळी शिकंज्यात धरलेली होती. कपाटाच्या दारासाठीची. गिऱ्हाईक केव्हाच परगावी गेलं होतं, पण मिस्त्रींनी ती सोडली नव्हती. लव्हाळ्यात उभे दोन बगळे काढायचे होते. पहिला पूर्ण झाला होता, आणि तो असा झाला होता की सिस्टरनं एकदा कुणी नसताना त्याच्या पिसांवरून उलटं बोट फिरवून बघितलं होतं, पिसं विस्कटतात का ते. दुसरा बगळा अजून नुसता पेन्सिलीच्या रेघांत होता.

आता तो लाकडातून निघणार, असं घरानं गृहीत धरलं.

आठ दिवस झाले. मिस्त्री रोज नाश्ता करून मागच्या खोलीत जात, जेवायला बाहेर येत, पुन्हा जात. विचारलं की म्हणत, "छान चाललंय." सिस्टरनं त्यावर विश्वास ठेवला नाही. पेशंट 'छान वाटतंय' म्हणतो तेव्हा आधी त्याची नाडी बघायची असते. खोलीतली कचऱ्याची सुपली तिनं आठही दिवस उचलली, आणि आठही दिवस ती रिकामी होती. लाकडाची एक ढलपीसुद्धा नाही.

नवव्या दिवशी ती पडद्याआड उभी राहिली. मिस्त्रींनी हातोडा उचलला, दुसरा हात भोकांच्या फळीकडे नेला. एक मूठ ओढली, टोपी काढली, पातं बघितलं. ते हवं ते नव्हतं. टोपी घातली, परत ठेवली. दुसरी ओढली. तीपण नाही. तिसरी. पाचवीला हवी ती सापडली, तोवर मघाशी डोळ्यात धरलेली रेघ कुठल्या कुठे गेली होती. त्यांनी पटाशी टेकवली आणि घाव घातला. लव्हाळ्याची एक काडी टचकन उडाली.

त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग पडद्याकडे न बघताच म्हणाले, "ये आत. चोरून बघतेस, पण पाय दिसतात."

ती आत गेली.

"हात विसरला गं, सिस्टर."

"डोळे तपासून घेऊ. उद्याच."

"डोळ्यांना काही झालं नाही. आधी नुसता हात जायचा आणि हवी ती पटाशी हातात यायची. आता शोधावी लागते. शोधावी लागली म्हणजे संपलं."

हेच वाक्य सिस्टर बावीस वर्षं कात्रीबद्दल बोलत आली होती.

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी जाडूला फोन लावला. जाडू त्यांचा जुना शिष्य, आता पन्नाशी उलटलेला. त्याचा फर्निचरचा कारखाना होता. तिथलं मशीन तासाला चौदा पक्षी कोरायचं आणि चौदाही एकाच बाजूला बघायचे.

"रविवारी ये," मिस्त्री म्हणाले. "सगळ्या पटाश्या घेऊन जा. पिशवी जाड आण."

"बाबा, घाई काय आहे?" सिस्टरचा नवरा म्हणाला.

"गंजवत ठेवू? निदान कुणाच्या तरी हातात राहतील." आणि ते गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

शनिवारी सिस्टरची सुट्टी होती. पटाश्या द्यायच्याच तर स्वच्छ करून द्यायच्या. मळकट हत्यार दुसऱ्याच्या हातात देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं टेबलावर जाड टॉवेल अंथरला, खिडकीकडे पाठ करून बसली, एकेक टोपी काढली, पातं पुसलं, तेलाचा बोळा फिरवला आणि पटाशी टॉवेलवर ठेवली. मूठ स्वतःकडे, पातं पलीकडे. धार आपल्याकडे करून ती भाजीची सुरीसुद्धा ठेवत नसे.

काम करताना तिच्या लक्षात आलं की मुठी सगळ्या एकसारख्या आहेत. एकाच पडलेल्या झाडाच्या लाकडातून मिस्त्रींनी त्या तरुणपणी स्वतः केल्या होत्या, आणि घामानं सगळ्यांना एकच काळपट रंग चढला होता. नंबर झाकला तर तिलाही सतरा आणि अठरा ओळखता आल्या नसत्या. पातं मात्र एकासारखं दुसरं नव्हतं. बघताना मजा वाटत होती. एकाची धार चंद्रकोरीसारखी, एकाची नखासारखी, एकाची नुसती चोच.

मिस्त्री चहा घेऊन आले आणि टेबलाच्या पलीकडे उभे राहिले. "कशाला एवढं घासतेस? तो जाडू त्यांनी रंगाचे डबे उघडेल."

"उघडू दे. आपल्याकडून जाताना स्वच्छ जायला हव्यात."

"तुझं थिएटर घरापर्यंत आलंय." त्यांनी कप ठेवला. नजर शिकंज्यातल्या फळीवर गेली. "ही तुटलेली काडी बघवत नाही. तो म्हणेल, म्हाताऱ्यानं शेवटी लव्हाळं मोडून ठेवलं. हिला वाकलेली करून टाकू. वाऱ्यानं वाकली म्हणू."

हे बोलता बोलता त्यांचा हात टॉवेलकडे गेला. नजर फळीवरच होती. बोटांनी एक पटाशी उचलली, हातात फिरवली, आणि तुटक्या काडीच्या कडेनं लाकडाचं एक पातळ वेटोळं निघून चहाच्या बशीत पडलं.

सिस्टरचा बोळा हातातच राहिला.

मिस्त्रींनी ती पटाशी ठेवली, न बघता दुसरी घेतली. काडी वाकली. तिसरी घेतली. काडीला पाठ आली, पोट आलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आत्ता घेतलीत ती कुठल्या नंबरची?"

"मला काय माहीत नंबर? ही काडीची पाठ उतरवायची. ती चोचवाली, शिरा काढायची. काय झालं?"

"तुम्ही शोधली नाहीत."

मिस्त्री थांबले. हातातल्या पटाशीकडे त्यांनी असं बघितलं की जणू ती कुणीतरी खिशात टाकली होती. मग टॉवेलकडे बघितलं. त्रेचाळीस धारा त्यांच्याकडे तोंड करून झोपल्या होत्या.

"दुकानात," सिस्टरनं विचारलं, "पटाशी वापरून झाली की कशी ठेवायचात? मूठ स्वतःकडे की पातं?"

"कशीही. पडायची तशी पडायची. पसाराच होता तो."

"एक ठेवून दाखवा."

त्यांनी ठेवली. हात आपोआप वळला आणि पटाशी टेबलावर टेकली, धार त्यांच्याकडे, मूठ पलीकडे. त्यांनी पुन्हा उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तशीच.

"अरेच्चा," मिस्त्री म्हणाले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःचा हात बघत होते.

पसारा म्हणून ज्याला ते हसत आले, तो पसारा नव्हताच. प्रत्येक पात्याचा चेहरा त्यांच्याकडे होता, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून हात त्या चेहऱ्यांना ओळखत होता. सिस्टरनं प्रेमानं, मापानं, जीव ओतून त्रेचाळीसही चेहरे भोकांत घातले होते आणि म्हाताऱ्यापुढे नुसत्या पाठी उभ्या केल्या होत्या.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "आठ दिवस मीच तुम्हाला आंधळं केलं."

"तू कुठे? तू तर नंबर दिलेस." मिस्त्रींना आता हसू आवरेना. "सिस्टर, तुझ्या डॉक्टरला मूठ लागते कारण हत्यार तू ओळखतेस. इथे ओळखणारा मीच, घेणारा मीच."

"पण उघडी धार स्वतःकडे ठेवायची, बाबा? मला बघवणार नाही."

"मग बघू नकोस."

त्या एका वाक्यावर तिनं भोकांच्या फळीवरचे नंबर नखानं खरवडून काढायला सुरुवात केली. बावीस वर्षांत तिनं कुणापुढे धार ठेवली नव्हती. त्या दुपारी तिनं टेबलाच्या मिस्त्रींकडच्या कडेला दोन बोटं उंच पट्टी ठोकली, म्हणजे पटाश्या घरंगळून पायावर पडणार नाहीत, आणि मग त्रेचाळीसही, एकेक करून, तोंड सासऱ्यांकडे करून मांडल्या. तेवढी एक पट्टी ठोकायची तिनं परवानगी मागितली नाही. मिस्त्रींनीही पट्टीला नावं ठेवली नाहीत; उलट हात टेकायला बरी आहे म्हणाले.

रविवारी जाडू आला. तीन मजले चढून तो दारातच टेकला. हातात कापसाचं अस्तर लावलेली नवी पिशवी होती. मागच्या खोलीतून टकटक ऐकू येत होती, थांबून थांबून, न चुकता.

"वहिनी, बाबा कुठे आहेत?"

"आत जा. पण चपला काढा, चटई नवी आहे."

तो आत गेला. सिस्टर स्वयंपाकघरात कान देऊन उभी राहिली. आधी जाडूचा आवाज आला, "वा! खोली आहे की काय आहे!" मग मिस्त्रींचा, "उजेडातून बाजूला हो." मग बराच वेळ नुसती टकटक. मग, "धर हे. जोरात धर. मशीनवर बसून तुझ्या हातातला जोर गेला." मग पुन्हा टकटक.

तास-दीड तासानं जाडू बाहेर आला. शर्टावर, पोटावर, भुवयांवर लाकडाच्या ढलप्या. पिशवी घडी केलेलीच होती. सिस्टरचा नवरा पेपर खाली ठेवून म्हणाला, "काय रे, घेतल्यास का पटाश्या?"

"नाही दिल्या."

"का?"

"द्यायला वेळ नाही म्हणाले." जाडूनं चपला चढवल्या. "मी विचारलं, मग कधी येऊ? तर म्हणाले, दुसऱ्या बगळ्याचा एकच पंख झालाय."